चाळीसपैकी शून्य

मुंगीच्या वहीत डाव्या बाजूला क्रियापदं होती आणि उजव्या बाजूला त्यांचे समानार्थी शब्द. 'पळणे'समोर चार शब्द, 'रडणे'समोर पाच, 'बघणे'समोर तीन. मी सगळी पानं मोजली. सरासरी चार पूर्णांक एक दशांश. फक्त 'जाणे'समोर एकही शब्द नव्हता. तिथला कागद मात्र बाकीच्या कागदापेक्षा पातळ झाला होता, खोडरबर बऱ्याच वेळा फिरल्यासारखा. पान उजेडात धरलं की मागच्या बाजूचं 'झोपणे' दिसत होतं.

मी चष्मा पुसला, पान पुन्हा पाहिलं आणि निष्कर्ष काढला: सराव कमी पडतोय.

निष्कर्ष काढणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. विहिरीचं, नळाचं, तलावाचं, पोहण्याच्या हौदाचं पाणी बाटल्यांतून येतं आणि ते पिण्याजोगं आहे की नाही ते आम्ही सांगतो. गेल्या चौदा वर्षांत माझा एकही अहवाल चुकीचा म्हणून परत आलेला नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बरं, थोडी बढाई म्हणूनच सांगते, कारण पुढे जे घडलं त्यानंतर मला बढाई मारायला फारसं काही उरलेलं नाही.

मुंगी म्हणजे माझी दहा वर्षांची लेक. चालायला लागल्यापासून ती तोंडातून अवाक्षर न काढता घरातल्या वस्तू एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात ओढून न्यायची, म्हणून हे नाव पडलं. तिला एका निवासी शाळेत घालायचं आमच्या मनात होतं. शाळा बसनं पाच तासांवर. तिथे प्रत्येक मुलाला स्वतःचा सूक्ष्मदर्शक मिळतो. मी शाळेत होते तेव्हा साठ जणींत एक सूक्ष्मदर्शक होता आणि तोही कपाटात, कुलूपबंद. तेव्हा ती शाळा मला का आवडली ते तुमच्या लक्षात आलं असेल. प्रवेशपरीक्षेत भाषेच्या पेपरात समानार्थी क्रियापदांना चाळीस गुण होते.

अर्ज अडीच महिने फ्रीजवर पडून होता. सगळा भरलेला, फक्त शेवटचा प्रश्न सोडून. 'प्रवेश मिळाल्यास पाल्यास वसतिगृहात पाठवण्याचा पालकांचा निर्णय झाला आहे काय? होय / नाही.'

या प्रश्नावर आमच्या घरात एकमत होतं. विषय निघाला की नवरा म्हणायचा, "आधी सरावात कशी येते ते बघू, मग ठरवू." सासरे म्हणायचे, "बरोबर आहे, आधी बघू." सासूबाई काहीच म्हणायच्या नाहीत आणि मी अर्जावरची धूळ पुसायचे. मला ती जावी असं वाटत होतं आणि जाऊ नये असंही वाटत होतं. यातलं कुठलंच मोजता येत नव्हतं, म्हणून मी समानार्थी शब्द मोजत होते.

अर्जाची शेवटची तारीख पुढच्या सोमवारी होती. नऊ दिवस उरले होते.

मी शनिवारी दुपारी घरच्यांना जेवणाच्या टेबलाभोवती बसवलं आणि पद्धत समजावून सांगितली. दोन रविवारी दोन चाचण्या. प्रत्येकीत चाळीस क्रियापदं, प्रत्येकाला चार पर्याय, बरोबर पर्यायावर खूण करायची. चाचणी फक्त मुंगीची नाही, चौघांची.

"आम्ही कशाला?" नवऱ्यानं विचारलं. तो लिफ्टची तपासणी आणि दुरुस्ती करतो. यंत्राला तो घाबरत नाही, पण व्याकरण म्हटलं की अजूनही त्याच्या तळहाताला घाम येतो.

"तुलनेसाठी. मोठ्या माणसांना किती येतं ते कळल्याशिवाय तिला किती येतं याला अर्थ नाही."

"मी चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली," सासरे म्हणाले. "मला घेतलंत तर तुमची सरासरी बिघडेल."

"बिघडू दे, बाबा."

"नाही, मी आपलं आधीच सांगून ठेवलं."

आणि मी तुलनेवरही थांबले नाही. प्रयोगशाळेत एक रीत आहे. बाटली कुठून आली ते तपासणाऱ्याला सांगत नाहीत. बाटलीवर नुसता एक खुणेचा रंग असतो. नाहीतर काय होतं, की हौद ओळखीच्या माणसाचा असला तर पाणी आपोआप थोडं स्वच्छ दिसायला लागतं. मी आई होते, तेव्हा माझ्या डोळ्यांवर माझाच भरवसा नव्हता. म्हणून प्रत्येकानं डब्यातून न बघता रंगीत कागदाची एक टिकली उचलायची, त्याच रंगाची टिकली आपल्या दोन्ही पेपरांवर चिकटवायची, एका चिठ्ठीवर आपलं नाव आणि रंग लिहायचा, आणि चारी चिठ्ठ्या पाकिटात घालून पाकीट बंद. ते उघडायचं दुसऱ्या चाचणीनंतर.

"म्हणजे मला पोलिसात देणार असल्यासारखं वाटतंय," नवरा म्हणाला.

रविवारी सकाळी चाचणी झाली. चौघं चार कोपऱ्यांत बसली. सासऱ्यांचा चष्मा ऐनवेळी सापडेना, म्हणून त्यांनी सासूबाईंचा लावला. सासूबाई सातवीनंतर शाळेत गेलेल्या नाहीत. त्या प्रत्येक प्रश्नाला पेन्सिल उचलून छताकडे बघायच्या. नवऱ्यानं पंखा वाढवायला सांगितला. मुंगी वीस मिनिटांत संपवून गॅलरीत जाऊन बसली.

मी पेपर तपासले. पिवळा छत्तीस, हिरवा चोवीस, लाल एकोणीस आणि निळा शून्य.

शून्य कुणाचं हे मला कळायला मार्ग नव्हता, पण ज्याचं असेल त्याला वाईट वाटेल हे कळत होतं. म्हणून मी सद्हेतूनं एक गोष्ट केली. त्या सद्हेतूची आठवण झाली की मला अजून घाम फुटतो. फ्रीजवर निकाल लावताना मी रंग लिहिले नाहीत, फक्त आकडे लिहिले. छत्तीस, चोवीस, एकोणीस, शून्य.

आता परिस्थिती अशी झाली, की कुठल्या रंगाला किती गुण ते मला माहीत, पण रंग कुणाचा ते माहीत नाही. आणि आपला रंग कुठला ते प्रत्येकाला माहीत, पण गुण किती ते माहीत नाही. "निळ्याला किती?" असं विचारायची कुणाची छाती नव्हती. विचारणं म्हणजे शून्याची आपल्यालाच शंका आहे हे कबूल करणं.

"छत्तीस मुंगीचे," नवरा निकाल वाचून म्हणाला.

"अर्थातच," सासरे म्हणाले.

सासूबाईंनी मान हलवली. मग तिघंही काही क्षण शून्याकडे बघत उभी राहिली आणि एकेक करत तिथून निघून गेली. मुंगीनं फ्रीज उघडून पाणी घेतलं आणि बंद केला.

त्या आठवड्यात घरात काही विचित्र प्रकार घडले. मी ते माझ्या वहीत 'असंबद्ध निरीक्षणे' या मथळ्याखाली लिहून ठेवले आहेत. मथळा तेवढा वाचा, म्हणजे माझ्या बुद्धीची कल्पना येईल.

सोमवारी सासऱ्यांनी घरभर चिठ्ठ्या लावल्या. 'किल्ल्या इथे.' 'चष्मा इथे.' 'गॅसची पावती या खणात, खालून दुसरी.' मला वाटलं, माझ्या पद्धतशीरपणाचा घरावर चांगला परिणाम होतोय. मी कौतुकही केलं.

"छान केलंत, बाबा."

"असू द्यावं," ते दुसरीकडे बघत म्हणाले. "पुढेमागे कामाला येतं. माणसाचा काय भरवसा."

मंगळवारी साखरेच्या डब्यात मला एक चिठ्ठी मिळाली. अक्षर सासूबाईंचं. 'मुसमुसणे, स्फुंदणे, हुंदके देणे, टाहो फोडणे.' मी हातातला चमचा खाली ठेवला. मुंगी जाणार म्हणून या बाई डबे उघडताना एकट्याच रडतात की काय? आणि रडण्याची अशी नोंद ठेवतात? मी स्वयंपाकघरात त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले.

"आई, मनात काही असेल तर सांगा हं मला."

"माझ्या मनात काय असणार?" त्यांनी डब्याचं झाकण घट्ट लावलं. "साखर कशाला काढतेस तू? मी देते ना चहा करून."

बुधवारी दुपारी प्रयोगशाळेत नवऱ्याच्या साहेबांचा फोन आला. या साहेबांनी मला यापूर्वी कधी फोन केला नव्हता.

"बाई, घरी सगळं ठीक आहे ना?"

"हो. का?"

"नाही, आज एका दहा मजली इमारतीत तुमचे मिस्टर बंद लिफ्टच्या टपावर उभं राहून काम करत होते. शेजारची लिफ्ट चालू होती. तिच्यातल्या माणसांना वरून आवाज ऐकू आला. पडणे. कोसळणे. ढासळणे. आदळणे."

"म्हणजे ओरडत होते?" मी विचारलं.

"संथपणे म्हणत होते म्हणे. एकेक शब्द. माणसं पुढच्याच मजल्यावर उतरली आणि जिन्यानं खाली गेली. एक दातांचे डॉक्टर आहेत, ते सातव्या मजल्यावरून पेशंटला घेऊन उतरले. पेशंटच्या तोंडात अजून कापूस होता. आता त्या इमारतीत कुणी लिफ्टमध्ये चढायला तयार नाही."

घरी आल्यावर मी नवऱ्याला विचारलं.

"कामाचा ताण," तो म्हणाला आणि बूट काढायला इतका वाकला की मला त्याचा चेहरा दिसेना.

सगळ्यांत वाईट म्हणजे या दिवसांत मुंगीला अभ्यासाला वेळच मिळेना. जो तो तिला पळवत होता. सकाळी सासूबाईंना भाजी निवडायला तीच हवी. संध्याकाळी सासऱ्यांना बागेत फिरायला तीच हवी, "रस्ता ओलांडताना सोबत होते." कामावरून आला की नवऱ्याला गाडी धुवायला तीच हवी. गाडी इतकी स्वच्छ आमच्याकडे कधीच नव्हती. गुरुवारी तर ती चार वेळा धुतली गेली. मी गॅलरीतून पाहिलं तर बादली बाजूला, नवरा टपावर कोपर टेकून उभा आणि मुंगी बोटांवर काहीतरी मोजतेय.

शेवटी मी चिडले. "तिची परीक्षा आहे, तुमची नाही. शुक्रवार-शनिवार तिला कुणी हात लावायचा नाही."

तिघांचे चेहरे असे पडले की जणू मी पाणी तोडलं.

"दोन दिवस?" सासरे म्हणाले. "म्हणजे अगदी दोन्ही?"

"राहू दे ना, आई," मुंगी म्हणाली. "मला आवडतं."

रविवारी दुसरी चाचणी झाली. मी मुद्दाम अवघड शब्द घातले होते. पेपर घेऊन मी खोलीत गेले आणि दार लावून तपासायला बसले. लाल तेहतीस. हिरवा सदतीस. पिवळा चाळीसपैकी चाळीस. मला इतका आनंद झाला की मी उठून खोलीत एक फेरी मारली. मग निळा घेतला.

निळा पुन्हा शून्य.

मी खाली बसले. पहिल्या शून्याच्या वेळी मी जे करायला हवं होतं ते आत्ता केलं. गणित केलं. चार पर्याय आहेत. डोळे मिटून खुणा केल्या तरी चारातला एक बरोबर येतो, म्हणजे चाळीसात साधारण दहा. ज्याला काही म्हणता काही येत नाही त्याला दहा मिळतात. शून्य मिळायची शक्यता लाखात एक. लागोपाठ दोन वेळा शून्य मिळायची शक्यता हजार कोटींत एक. विहिरीच्या पाण्यात असा आकडा आला असता तर मी विहीर बघायला गेले नसते. आधी बाटली भरणाऱ्याला बोलावलं असतं.

हा पेपर सोडवणाऱ्याला ऐंशीच्या ऐंशी उत्तरं येत होती. ती त्यानं एकेक करून टाळली होती.

मी पेपर घेऊन बाहेर आले. चौघं टेबलाशी बसली होती. मी म्हटलं, "दुसऱ्या चाचणीतही एक शून्य आहे."

सासरे उठून उभे राहिले. त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं. "ते माझं आहे," ते म्हणाले. "मी लपवणार नाही. माझं डोकं गेलेलं आहे. मी डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या काही झालेलं नाही, पण त्यांच्या तपासणीच्या फॉर्मवर सतरा चुका होत्या. त्यांचं काय ऐकायचं?"

"बाबा, बसा हो," नवरा म्हणाला. "शून्य माझं आहे. शाळेतही माझंच असायचं."

"तुझं कसं असेल? तू निदान कॉलेजात गेलास. मी सांगतोय माझं आहे."

"मी लिफ्टवर उभा राहून पाठांतर केलं, बाबा. नोकरी जायची वेळ आली. तरी शून्य आलं म्हणजे ते माझंच."

"दोघंही गप्प बसा," सासूबाई म्हणाल्या. आमच्याकडे हे वाक्य त्या वर्षातून एकदा म्हणतात. "माझं आहे ते. सातवी शिकलेल्या बाईला असल्या परीक्षेला बसवायचंच कशाला? मी साखरेच्या डब्यात ठेवून पाठ केलं, पिठाच्या डब्यात ठेवून पाठ केलं. नाही जमलं. संपला विषय."

चाळीसपैकी शून्य मिळावं म्हणून भांडणारी तीन माणसं तुम्ही पाहिली आहेत का? मी पाहिली. आणि चौथं माणूस खुर्चीवर मांडी घालून टेबलाच्या कडेचा एक सुटलेला पोपडा नखानं दाबून बसवत होतं.

"रंग सांगा," मी म्हटलं. "पाकीट राहू दे. तोंडानं सांगा."

"हिरवा," सासरे म्हणाले.

"सदतीस."

ते खाली बसले. "सदतीस?"

"लाल," नवरा म्हणाला.

"तेहतीस."

"तेहतीस मला?" त्यानं बापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "लिहून देशील? साहेबांना दाखवायला."

"माझी टिकली पिवळी होती," सासूबाई हळूच म्हणाल्या.

"चाळीस. गेल्या वेळी छत्तीस. दोन्ही वेळा पहिल्या."

सासऱ्यांनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. "चाळीस वर्षं प्रुफं तपासली मी."

"तपासलीत ना. पण घरी आणलीत की मूळ मजकूर मोठ्यानं कोण वाचायचं? तुम्ही अक्षरं बघायचात. मी वाचायचे."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत."

मग प्रत्येकानं मनातल्या मनात बेरीज केली. चार माणसं, तीन रंग झाले.

"छे," नवरा म्हणाला. "मुंगीचं शून्य शक्यच नाही. तिनंच तर मला सगळं शिकवलं. गाडी धुताना."

"तुला?" सासरे म्हणाले. "मला बागेत शिकवलं तिनं. रोज बारा शब्द."

"भाजी निवडताना," सासूबाई म्हणाल्या. "फार छान शिकवते. चुकलं तरी ओरडत नाही."

मी मुंगीसमोर खुर्ची ओढून बसले. "लपणे," मी म्हटलं.

"दडणे, छपणे, दबा धरणे," ती म्हणाली. पोपड्यावरचं नख तिनं काढलं नाही.

"थांबणे."

"थबकणे, खोळंबणे, ताटकळणे, विसावणे. पण विसावणे म्हणजे दमून थांबणे. ते पेपरात तू चुकीच्या गटात घातलं होतंस."

मी ते मनात टिपून ठेवलं. "मग खुणा चुकीच्या का केल्यास?"

तिनं उत्तर द्यायला वेळ घेतला. ती बोलते कमी, पण बोलायच्या आधी वाक्य पूर्ण तयार करून घेते. ही सवय माझी आहे. 

"तुम्ही सगळे म्हणायचात, आधी सरावात कशी येते बघू, मग ठरवू. मग मला वाटलं, मला काहीच आलं नाही तर तुम्हाला ठरवायलाच लागणार नाही."

"अगं, मग थोडे तरी बरोबर करायचेस," नवरा म्हणाला. "दहाबारा. शून्य कशाला?"

"दहा मिळाले असते तर आईनं अजून सराव घेतला असता. शून्याला ती नाद सोडेल असं वाटलं." मग माझ्याकडे बघून ती म्हणाली, "आणि शून्य सोपं नसतं, आई. सगळं पाठ करावं लागतं. एखादं जरी येत नसलं तर चुकून बरोबर येतं. वहीतलं सगळं पाठ करायला मला तीन आठवडे लागले."

एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल करते. त्या क्षणी मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्याच्या आधी, साधारण अर्धा सेकंद, मला अभिमान वाटला. इतका चोख प्रयोग आमच्या प्रयोगशाळेत गेल्या चौदा वर्षांत कुणी केलेला नाही.

मग मी एक प्रश्न विचारला. अडीच महिन्यांत मी तिला ऐंशी क्रियापदं विचारली होती, हा विचारला नव्हता.

"तुला तिथे राहायला जायचंय का?"

"नाही," मुंगी म्हणाली. "सूक्ष्मदर्शक आवडला असता. पण मला रात्री घरातले आवाज ऐकून झोप येते. आजोबांचा खोकला. पप्पांचं घोरणं. तू वही बंद करतेस तो. मी तुला सांगणार होते, पण तू तेव्हा टिकल्या कापत होतीस."

सासूबाई मुसमुसू लागल्या. स्फुंदू लागल्या म्हणणं जास्त अचूक होईल.

मी उठून फ्रीजवरून अर्ज आणला आणि टेबलावर ठेवला. पेन उघडलं. सगळे वाकून शेवटचा प्रश्न वाचायला लागले, जणू तो आज पहिल्यांदा छापून आला होता.

"बघू ना," नवरा सवयीनं म्हणाला. "उद्या सकाळपर्यंत वेळ आहे. आधी जेवून घेऊ, मग..."

मुंगीनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं अर्ज माझ्याकडे सरकवला.

मी घसा साफ केला. "दोन चाचण्यांचे निकाल, नमुन्याचं स्वतःचं निवेदन आणि चाचणी घेणाऱ्या व्यक्तीचा पूर्वग्रह या सगळ्याचा विचार करता, प्रस्तावित स्थलांतराच्या बाजूनं पुरेसा..."

"सूनबाई," सासरे म्हणाले, "एकच क्रियापद वापरा. साधंसं."

मी पेन खाली ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "मुंगी घरीच राहणार."